लाखेची गोष्ट

दिवाळीपूर्वीची साफसफाई ही आमच्या घरी वस्तुतः माझ्याविरुद्ध काढलेली मोहीम असते. डबे उतरतात, जळमटे निघतात आणि शेवटी सौ. कमरेला पदर खोचून माझ्या पलंगापुढे उभी राहते. पलंगाखाली चार लाकडी खोकी आहेत. "अहो, यंदा तरी यातले एखादे हलवणार का?" असे ती विचारते आणि "यंदा नको," असे मी म्हणतो. लग्नाला एकवीस वर्षे झाली, या संवादातला एक शब्द बदललेला नाही. नव्या पाहुण्याला वाटते, मास्तर कादंबऱ्या लिहितात, तेव्हा न खपलेल्या प्रती असतील. त्या असत्या तर बरे झाले असते. रद्दीवाला निदान त्यांचे वजन करून पैसे देतो. माझ्या खोक्यांत आहेत जाझ संगीताच्या जुन्या तबकड्या.

गिरगावातल्या मराठी शाळेचा मास्तर, इंग्रजी मॅट्रिकपुरते, आणि नाद जाझचा, हे जमले कसे? याचा दोष पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांकडे, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांकडे जातो. लहानपणी गणेशोत्सवात गल्लीत पडदा लावून १९५१ सालचा 'अलबेला' दाखवला होता. बाकीची पोरे भगवानदादांच्या पावलांकडे बघत होती. माझे कान मात्र मागे वाजणाऱ्या एका ट्रम्पेटमध्ये अडकले. ते वाद्य हसत होते! पुढे कळले की, रामचंद्रांना चिक चॉकलेट या गोवेकर वादकाचे साहाय्य असे. खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव बार्देशातले हळदोणे. मुंबईत त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मग हा मूळचा आर्मस्ट्राँग कोण, याचा शोध घेणे आले. तो शोध घेता घेता डोक्यावरचे केस गेले, शोध मात्र चालूच आहे.

जाझचे आणि आपल्या ख्यालाचे एका बाबतीत गोत्र एक आहे. दोन्हींत गायक-वादक त्या घटकेला जे सुचेल ते मांडतो. कागदावर उतरवावे तर सांगाडा हाती येतो, जीव निसटतो. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याची वर्णने वाचावीत आणि हळहळावे, तबकडी नाही. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात बडी बोल्डन नावाचा कॉर्नेटवादक असाच होऊन गेला. जाझचा आद्य पुरुष म्हणून त्याचे नाव घेतात. १९०७ मध्ये त्याला वेड्यांच्या इस्पितळात घातले आणि १९३१ मध्ये तो तिथेच वारला. त्याने एकदा मेणाच्या नळकांड्यावर वादन मुद्रित केले होते अशी वदंता आहे. ते नळकांडे कुणालाही मिळालेले नाही. जाझची पहिली तबकडी निघाली ती १९१७ साली. त्याआधीचे सारे वाऱ्यावर गेले. तेव्हा तबकडी म्हणजे या संगीताची एकमेव पोथी. पोथीसाठी माणूस वणवण फिरला तर त्याला वेडा का म्हणावे?

शिवाय या पोथीचा कागद आपलाच, हे किती जणांना ठाऊक असते? जुन्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेच्या असत. छोटा नागपूरच्या रानात पळस, बोर, कुसुम या झाडांवर किडे लाख धरतात. तीच लाख जहाजाने सातासमुद्रापार जाई आणि दगडाची पूड वगैरे मिसळून तिची तबकडी होई. आपल्याकडे लाखेच्या बांगड्या झाल्या, पांडवांसाठी लाक्षागृह झाले. तिकडे तिच्यात आर्मस्ट्राँगचा श्वास कोंडला गेला. पुढे महायुद्ध पेटले आणि लाख मिळेनाशी झाली. १९४२ साली अमेरिकेच्या सरकारने लाखेचा वापर सत्तर टक्क्यांनी कमी करायला लावला. मग नव्या तबकड्यांसाठी लोकांकडून जुन्या गोळा केल्या गेल्या आणि भरडल्या गेल्या. त्या भरडीत काय काय गेले असेल, ते मनात आले की मला आजही घास गोड लागत नाही.

ज्या कंपन्यांनी या तबकड्या काढल्या त्यांनाही त्यांची मातब्बरी नव्हती. विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याने 'पॅरामाउंट' नावाने तबकड्या काढल्या, त्या मुळात ग्रामोफोनची लाकडी पेटी खपावी म्हणून! धंदा बुडाला तेव्हा मूळ धातूचे ठसे मोडीत गेले, आणि रागावलेल्या कामगारांनी तबकड्या मिलवॉकी नदीत भिरकावल्या असे सांगतात. २००६ साली पाणबुडे नदीच्या तळाशी जाऊन आले. हाती काही लागले नाही. मी ते वाचले तेव्हा त्या पाणबुड्यांपेक्षा जास्त निराश झालो.

आता माझ्या मनातली एक ओंगळ गोष्ट सांगतो. किंग ऑलिव्हर हा आर्मस्ट्राँगचा गुरू. १९२३ साली या गुरुशिष्यांनी इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी 'जेनेट' कंपनीसाठी वाजवले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या कर्ण्यापुढे उभे राहून वाजवायचे. शिष्याचा दम इतका की, गुरूचा सूर बुडू नये म्हणून त्याला दूर मागे उभे करावे लागले, असे सांगतात. त्या वर्षातल्या एका तबकडीची साऱ्या जगात एकच प्रत आजवर सापडली आहे. हे प्रथम कळले तेव्हा मला वाटायला हवे होते, 'अरेरे, एकच!' पण मनात आले ते असे: ती माझ्या पलंगाखाली असती तर! संग्राहकाला संगीताची भूक असते हे खरे; पण तिच्या पोटात दुसरी एक भूक दडलेली असते, ती दुसऱ्याजवळ नसलेल्या वस्तूची.

तसा एक ऐवज माझ्याकडेही आला. त्याची हकीकत सांगायची म्हणजे थोडे मागे जावे लागेल. १९३५ साली लिऑन ॲबी याने अमेरिकन निग्रो वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे आणखी वादक आले. यांच्या जोडीला बसून गोव्याची पोरे जाझ शिकली. चर्चच्या शाळेत स्वरलिपी पक्की झालेली, त्यात हा नवा वारा शिरला. रात्री हॉटेलात नाच आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वादन, असा त्यांचा संसार चाले. त्यांच्या काही तबकड्याही निघाल्या. लेबलावर नाव एकट्या बँडमास्तरचे. बाकीची माणसे 'आणि मंडळी'!

वीस वर्षांपूर्वी एका शुक्रवारी चोरबाजारात, फुटक्या झुंबरांच्या ढिगाखाली, चाळिशीच्या दशकातल्या अशा एका मुंबईकर बँडची तबकडी मला मिळाली. दोनशे रुपये पडले. घरी मात्र वीस सांगितले. त्या दिवाळीत लक्ष्मीपूजन आटोपल्यावर मी चावी भरून ती लावली. गाणे संपते न संपते तोच दारात कुणीतरी उभे असल्याचे जाणवले. वाडीच्या टोकाला राहणाऱ्या गोवेकर आंटी, हातात फराळाची रिकामी ताटली. ताटली परत द्यायला म्हणून आलेल्या त्या उंबऱ्यातच थबकल्या होत्या.

"मास्तर, ही रेकॉर्ड तुला खंय गावली?"

त्यांचे यजमान याच बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवीत. त्यांना जाऊन तीस वर्षे झालेली. घरात एक फोटो होता, वाद्य विकून टाकलेले, आणि तबकडी एका पावसाळ्यात घर बदलताना फुटलेली.

"परत लाव रे," त्या म्हणाल्या.

मी लावली नाही. म्हणजे, कारण सांगितले. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई प्रत्येक वेळी खोबणी खरवडते. साउंडबॉक्सचे वजन पडते. दर वेळी सूर थोडा झिजतो. जगात दुसरी प्रत असेल-नसेल. हे सगळे मी वर्गात शिकवावे तसे त्यांना समजावून दिले. आंटींनी मान डोलावली. "बरें तर. फुडल्या दिवाळीक," म्हणाल्या आणि ताटली ठेवून गेल्या.

तो आमचा शिरस्ताच झाला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आंटी केसांना पाणी लावून, ठेवणीतला झगा घालून येत, खुर्चीवर ताठ बसत. तीन मिनिटे तबकडी वाजे. संपली की, "देव बरें करूं," म्हणून त्या उठत. सहा वर्षे हे चालले. सहा वर्षांत अठरा मिनिटे! मला त्यात काही वावगे दिसले नाही. उलट दुर्मीळ वस्तू जपणारा म्हणून स्वतःविषयी थोडा आदरच वाटत होता.

डोळे उघडायला निमित्त झाले ते एका पुनर्मुद्रणाचे. जुन्या तबकड्यांवरून नव्या काढायच्या, हा उद्योग रसिकांनीच सुरू केला. १९४० साली जॉर्ज अवाकियन नावाच्या विद्यार्थ्याने कोलंबिया कंपनीचा साठा धुंडाळून आर्मस्ट्राँगचे न निघालेले वादन बाहेर काढले. त्याआधी, १९३६ साली, फ्रान्समध्ये शार्ल दलोने याने तबकड्यांची एक सूची छापली, तिच्यात मागे वाजवणाऱ्यांचीही नावे शोधून दिली. 'आणि मंडळीं'ना तेव्हा कुठे नावे मिळाली. इंग्लंडात जॉन आर. टी. डेव्हिस हा गृहस्थ चुंबकीय फितीवर जिथे जिथे खरखर उमटली असेल, तेवढाच कण पात्याने खरवडून काढत बसे. तांदूळ निवडणाऱ्या आजीबाईसारखा!

मी मागवलेल्या किंग ऑलिव्हरच्या पुनर्मुद्रणात ती जगात एकुलती एक असलेली तबकडी होती. तीच, जिचा मला हेवा वाटला होता. मी ती ऐकली, मग पुन्हा ऐकली. आठव्या वेळी मला तिच्यात दोन कॉर्नेट वेगळे ऐकू येऊ लागले. आणि माझ्या हातातला चहा निवला. ज्याच्याजवळ ती प्रत होती त्याने ती माझ्यासारखी पलंगाखाली ठेवली असती तर? गिरगावातल्या मास्तराने ती आठ वेळा ऐकावी, एवढे औदार्य कुणीतरी दाखवले होते. आणि मी दोन दारे पलीकडच्या म्हातारीला वर्षातून एकदा, तीन मिनिटे!

आंटींच्या तबकडीचे पुनर्मुद्रण कुठे निघाले आहे का म्हणून मी वर्षभर शोधले. पत्रे लिहिली, याद्या चाळल्या. नव्हते. मग लॅमिंग्टन रोडवरच्या एका यंत्रवेड्या विद्यार्थ्याला गाठले. माझाच जुना विद्यार्थी, गणितात नापास होणारा. त्याने हलक्या सुईच्या यंत्रावर तबकडी एकदाच वाजवून संगणकात उतरवली, खरखर निवडली आणि एका चकतीवर करून दिली. पैसे घेतले नाहीत. "सर, तुमचा मार तरी कुठे विकत घेतला होता?" म्हणाला.

ती चकती घेऊन मी आंटींच्या घरी गेलो. दिवाळी नव्हती, साधा मंगळवार होता. एकदा लावली. आंटी नेहमीसारख्या उठायला लागल्या. "बसा," मी म्हटले, "पुन्हा लावतो." दुसऱ्यांदा त्या रडल्या. तिसऱ्यांदा पाय हलू लागला. चौथ्यांदा, शेवटी शेवटी ट्रम्पेटला चार सॅक्सोफोन मिळून उत्तर देतात, तिथे त्यांनी एकदम बोट वर केले.

"हो पळय! हो तो!"

मला काही कळेना. पुन्हा लावली. चौघांतला एक जण इतरांच्या केसभर आधी येत होता. दर वेळी.

"सदां घाई," आंटी म्हणाल्या. "जेवपाक घाई, चलपाक घाई. बँडमास्तर बोंब मारी. म्हजे आदी वचपाक लेगीत घाई केली."

आणि त्या हसल्या. 'अलबेला'तला ट्रम्पेट हसत होता ना, अगदी तशा.

सहा वर्षे मी जी तबकडी झिजू नये म्हणून जपली, तिच्यात त्यांचा माणूस होता. पण तो एका ऐकण्यात सापडणारा नव्हता. गर्दीत चुकलेल्याला शोधावे तसे त्याला पुन्हा पुन्हा हाका मारायला हव्या होत्या. झीज टाळण्याच्या नादात मी ती भेट टाळत होतो.

आंटी आता नाहीत. शेवटची दोन वर्षे ती चकती त्यांच्या उशाशी वाजत असे, दिवसातून कितीदा तरी. शेजारचे कंटाळून गेले. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून १९२३ सालच्या साऱ्या ध्वनिमुद्रिका कायद्यानेच सर्वांच्या झाल्या. ही बातमी वाचली तेव्हा मला प्रथम आंटींचा पाय आठवला, ताल धरणारा.

खोकी अजून पलंगाखाली आहेत; सौ.ची मोहीम यंदाही अयशस्वी झाली. मात्र कुणी ऐकायला मागितले तर मी आता सुईची गोष्ट सांगत नाही. त्या बँडचे आणि सॅक्सोफोनवाल्याचे नाव मी इथे लिहिलेले नाही, ते जुन्या सवयीने नव्हे. नवऱ्याची घाई चारचौघांत बोलायची नाही, असे आंटींनी मला बजावले होते. चकतीच्या पाकिटावर मात्र ते नाव मी माझ्या मास्तरी अक्षरात लिहिले आहे, बँडमास्तरच्या नावाच्या बरोबरीने, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.