प्राणहितेच्या वाळवंटी
(प्रवासाची दैनंदिनी : हप्ता पहिला)

शनिवार. मुक्काम चंद्रपूर.

सुटीचे दिवस जवळ आले की नागपूर-चंद्रपूरकडची कुटुंबे गणपतीपुळे, तारकर्ली अथवा गोवा यांच्या वाटेला लागतात, आणि येण्याजाण्यात सुटीचा मोठा भाग खर्ची घालून, गर्दीतल्या एखाद्या किनाऱ्यावर जेमतेम पाय ओले करून परततात. विदर्भाला समुद्र नाही हे खरे. परंतु ज्या मुलुखात वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावती एवढ्या महानद्या एकमेकींना भेटतात, आणि पावसाळा सरला की दृष्टी पोहोचेल तेथवर पांढरी रेती उघडी करून ठेवतात, त्या मुलुखातील माणसाने किनारा शोधण्यासाठी सह्याद्री ओलांडलाच पाहिजे, असे मला कधीही वाटले नाही. म्हणून यंदा शिवरात्रीची जत्रा उलटल्यावर, सौ. आणि माझे मेहुणे यांना बरोबर घेऊन, मोटारीने नदीच्या काठाकाठाने सिरोंच्यापर्यंत जावयाचे, जेथे रेती बरी दिसेल तेथे थांबावयाचे आणि घड्याळाकडे पाहावयाचे नाही, असा बेत केला.

सायंकाळी जटपुरा दरवाजातून पायी फिरून आलो. गोंड राजांनी बांधलेला हा परकोट जुन्या चांद्याला अजून कवेत घेऊन उभा आहे. अंचलेश्वराजवळ राणी हिराईने पती बीरशहासाठी उभारलेली समाधी पाहिली की या राज्याच्या अभिरुचीविषयी मनात आदर दाटून येतो. पतीने पत्नीसाठी बांधलेल्या स्मारकाची कीर्ती जगभर झाली. पत्नीने पतीसाठी बांधलेले हे स्मारक जिल्ह्याबाहेर फारसे कोणास ठाऊक नाही.

रविवार. मुक्काम मार्कंडा.

मूलवरून हरणघाटाच्या पुलाने वैनगंगा ओलांडली आणि चामोर्शीच्या बाजूने मार्कंड्यास पोहोचलो. पळस ऐन बहरात आहे. पानांचा मागमूस नसलेल्या काळ्या फांद्यांवर केशरी फुलांचे इतके भार की रस्त्याच्या दोहों बाजूंची शेते त्यांपुढे फिकी वाटावीत.

मार्कंड्याच्या मंदिरांविषयी अलेक्झांडर कनिंगहॅमने गेल्याच्या आदल्या शतकात आपल्या अहवालात गौरवाने लिहिले, आणि तेव्हापासून त्यांची खजुराहोशी तुलना करण्याची रूढीच पडली आहे. मला ही तुलना मार्कंड्यावर अन्याय करणारी वाटते. खजुराहोची देवळे बागेत मांडून ठेवलेली आहेत. येथील देवळे नदीच्या अगदी काठावर, पुराच्या आणि विजेच्या तडाख्यात शतकानुशतके उभी राहिली. मुख्य देवळाचे शिखर वीज पडून ढासळल्याचे आणि पुढे गोंड राजाच्या अमदानीत त्याची डागडुजी झाल्याचे सांगतात. अलीकडे पुरातत्त्व खात्याने शिळा उतरवून, एकेकीवर क्रमांक घालून, जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले. मार्कंडऋषी, मृकंडऋषी, यमधर्म, दशावतार अशी देवळांची नावे. अल्पायुषी म्हणून जन्मलेल्या बालकाने शिवलिंगाला मिठी मारून यमाला परतविले, त्या कथेच्या स्थानी यमधर्मालाही स्वतःचे देऊळ मिळाले आहे, ही या परंपरेची उदारता मला फार भावते.

पण आजचा दिवस मंदिरांपेक्षा नदीने अधिक घेतला. वैनगंगा येथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, आणि त्या वळणाच्या पोटात रेतीचे विस्तीर्ण पटांगण पसरलेले असते. जत्रेतील पाले उठली होती. राहुट्यांच्या खुंटांच्या खळग्या तेवढ्या रेतीत उरल्या होत्या. पलीकडे प्रवाहालगत ढिवरांच्या टरबूज-डांगरांच्या वाड्या लागलेल्या. नदी ओसरली की रेतीत खड्डे खणून, त्यांत शेणखत घालून बी लावावयाचे, हाताने पाणी घालीत वेल वाढवावयाचे, आणि मृगापूर्वी सारे आवरून जागा नदीला परत करावयाची, अशी ही शेती. तिचा मालक शेवटी नदीच. एका वाडीवाल्याने टरबूज कापून आम्हांपुढे ठेवले. निघण्याची वेळ झाली म्हणून मी उठू लागलो, तेव्हा तो म्हणाला, "घाई कायले करता जी? बसा. नदी का कोठी पळून चालली?"

आम्ही बसलो. गुडघाभर पाण्यात सौ. बराच वेळ उभी राहिली. मेहुणे रेतीवर आडवे होऊन झोपी गेले. चक्रवाकांची एक जोडी समोरच्या बेटावर होती. ही भगव्या रंगाची बदके हिमालयापलीकडून येतात आणि उन्हे तापू लागली की परत जातात. त्या वाडीवाल्याने सांगितले की पूर्वी नदीचे पाणी ऋतूच्या हिशेबाने चढे-उतरे. आता वर धरणातून कधी सोडतील त्यावर लक्ष ठेवावे लागते. वर म्हणजे पवनीजवळचे गोसीखुर्द, ज्याची पायाभरणी 1988 साली झाली. धरणाने शेकडो गावांना पाणी द्यावे हे योग्यच. परंतु खालच्या रेतीवर ज्याचे पोट आहे त्याला आगाऊ वर्दी मिळण्याची पक्की तजवीज असली पाहिजे, आणि ती वर्दी त्याच्या वाडीपर्यंत पोहोचली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

सोमवार. मुक्काम आष्टी.

चपराळ्याच्या अभयारण्यात वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम आहे. पश्चिमेकडून काळी माती, कापूस आणि कोळसा यांच्या प्रदेशातून वर्धा येते. उत्तरेकडून तळी, भातशेती आणि झाडी यांच्या प्रदेशातून वैनगंगा येते. आणि दोघी आपापली नावे टाकून प्राणहिता होतात. संगमावरच्या वाळवंटात उभे राहिले की दोन प्रवाहांच्या रंगांतला भेद काही अंतरापर्यंत ओळखता येतो. पलीकडचा तीर तेलंगणाचा. प्रशांतधामचे दर्शन घेऊन आम्ही दुपार संगमावर काढली. जेवणात घरून आणलेल्या भाकरी, जवसाची चटणी आणि वाटेत घेतलेले कांदे. आणखी काही लिहिण्यासारखे घडले नाही, आणि तसा दिवस मिळावा म्हणूनच आम्ही निघालो होतो.

मंगळवार. मुक्काम आलापल्ली.

आष्टीच्या पुढे रस्ता सागवनात शिरतो. आलापल्लीचा साग इंग्रजी अमलापासून नावाजलेला. येथील वनविभागाच्या आगारातील लिलावांना दूरदूरचे व्यापारी येतात. भामरागडच्या वाटेवर सुमारे सहा हेक्टरांचा एक तुकडा 1953 पासून कुऱ्हाडीपासून राखून ठेवला आहे. त्यास 'वनवैभव' म्हणतात, आणि 2014 साली त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा देण्यात आला, जो महाराष्ट्रात पहिलाच. या दिवसांत साग पाने टाकतो. वाळलेल्या मोठ्या पानांवरून चालताना इतका आवाज होतो की बोलणे थांबवावे लागते. मग थांबून वर पाहावे, तो सरळसोट खोडे आभाळात कोठे संपतात हे कळू नये. एका संपूर्ण वनविभागातील मूळचे अरण्य कसे होते, याचा पुरावा म्हणून एवढाच तुकडा राखावा लागला, या विचाराने मन विषण्ण झाले. ज्या अधिकाऱ्यांनी त्या काळी तो राखला त्यांच्या दूरदृष्टीला मात्र नमस्कार केला पाहिजे.

बुधवार. कमलापूरमार्गे सिरोंचा.

कमलापूरला वनखात्याचा हत्तींचा तळ आहे. महाराष्ट्रात शासनाचा असा दुसरा तळ नाही. पूर्वी आलापल्लीच्या जंगलातून सागाचे ओंडके ओढून आणण्याचे काम हत्ती करीत. हिवाळ्यात त्यांना काही दिवस कामातून रजा मिळते, आणि त्या अवधीत वनौषधींचा काढा करून त्यांच्या पायांना शेक-लेप देतात. या उपचाराला माहूत 'चोपिंग' म्हणतात. मुक्या जनावराला त्याच्या श्रमाबद्दल विश्रांतीचा हक्क आहे, ही जाणीव ज्या व्यवस्थेत टिकून आहे तिचे कौतुक करावे तेवढे थोडे. याच परिक्षेत्रात कोलामार्का येथे रानम्हशींसाठी 2013 साली संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. आम्ही त्या अंगाला गेलो नाही.

आलापल्ली ते सिरोंचा हा सुमारे शंभर किलोमीटरांचा रस्ता बराच उखडलेला आहे. जेथे वेग घेता येत नाही तेथे माणूस पाहू लागतो. मोहाची झाडे, त्यांच्याखाली फुले वेचण्यापूर्वी पाचोळा झाडून साफ केलेली वर्तुळे, शाळेतून परतणारी मुले, आणि मराठी व तेलुगू अशा दोन लिपींतील पाट्या लावलेली दुकाने. संध्याकाळी प्राणहितेच्या काठावरच्या जुन्या विश्रामगृहापाशी पोहोचलो.

गुरुवार. मुक्काम सिरोंचा.

सिरोंच्याला आज कोपऱ्यातले तालुक्याचे गाव म्हणून ओळखतात. परंतु 1860 मध्ये निजामाकडून हा टापू इंग्रजांकडे आला तेव्हा 'अपर गोदावरी' जिल्ह्याची कचेरी येथेच होती. त्या जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड याचे नाव जवळच्या ग्लासफोर्डपेठा या गावाने अजून जतन केले आहे. सर आर्थर कॉटन यांच्या प्रेरणेने त्या काळी एक प्रचंड योजना आखली गेली होती: बंगालच्या उपसागरापासून गोदावरी-प्राणहितेतून वर्धेपर्यंत आगबोटी चालवावयाच्या आणि वऱ्हाडचा कापूस जलमार्गाने समुद्रास न्यावयाचा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडसर होते. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाजवळ, तिसरा अहेरीकडील देवलमरीला. बंधारे, कालवे, मजूर, ताप, खर्च यांचा ताळेबंद जमेना, आणि 1871 च्या सुमारास सरकारने काम बंद केले. पुढे तो जिल्हाही चांदा जिल्ह्यात विलीन झाला, आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली स्वतंत्र झाल्यावर सिरोंचा त्याच्या वाट्याला आले.

आज दिवसभर आम्ही प्राणहितेच्या वाळवंटात होतो. येथील रेती समुद्रकाठच्या रेतीसारखी चिकट नाही. भरड, स्वच्छ, आणि सकाळी पायाला इतकी गार की अनवाणीच हिंडावेसे वाटते. एका ढिवराच्या डोंग्यातून थोडे पलीकडे गेलो. पाण्यात कोठे उतरावे आणि कोठे उतरू नये हे तो एका दृष्टिक्षेपात सांगे: जेथे लाट उमटत नाही आणि पाणी हिरवट दिसते तेथे डोह आहे, तेथे पोहणाऱ्यानेही धाडस करू नये. समुद्राची भरती-ओहोटी निदान वेळ सांगून येते. नदीच्या तळाची माहिती काठच्या माणसालाच असते, म्हणून त्याला विचारल्यावाचून पाण्यात पाऊल टाकू नये.

पूर्वी येथून चेन्नूर अथवा कालेश्वर गाठावयाचे तर नाव हाच आधार होता. आता प्राणहितेवर, गोदावरीवर आणि पातागुडमजवळ इंद्रावतीवरही पूल झाले आहेत, आणि तीन राज्यांचे व्यवहार येथून सुरळीत चालतात. दुपारनंतर पुलावरून कालेश्वरला जाऊन एकाच शाळुंकेत असलेल्या दोन लिंगांचे दर्शन घेतले. खाली मेडिगड्डाचे धरण आहे. 2019 साली ते पूर्ण झाले तेव्हा त्याच्या फुगवट्याचे पाणी सिरोंच्याकडील शेतांत शिरल्याची तक्रार येथील शेतकऱ्यांनी वारंवार केली, मोबदल्यासाठी उपोषणे केली. आणि ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच धरणाचे काही खांब खचले व पाणी सोडून द्यावे लागले. ज्यांची जमीन गेली त्यांचा प्रश्न दोन राज्यांच्या दप्तरांमध्ये अडकून राहू नये, ही त्यांची मागणी सर्वथा न्याय्य आहे.

शुक्रवार. वडधम आणि सोमनूर.

सकाळी वडधमच्या जीवाश्म उद्यानात गेलो. दगड झालेली झाडांची खोडे तेथे माळावर पडलेली आहेत. वलये मोजता यावीत इतकी स्पष्ट. प्राणहिता-गोदावरीच्या या खोऱ्यातील खडकांकडे नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच लक्ष वेधले होते. पुढे 1960 च्या सुमारास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी येथे एका महाकाय डायनासोरची हाडे खणून काढली. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीची आठवण म्हणून 1975 मध्ये त्याचे नाव 'बारापासॉरस टागोराय' ठेवण्यात आले, आणि त्याचा सांगाडा आज त्या संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीही हा प्रदेश नद्यांचाच होता, आणि त्या नद्यांच्या गाळानेच ही हाडे झाकून ठेवली.

तिसरे प्रहरी सोमनूरला गोदावरी आणि इंद्रावती यांच्या संगमावर पोहोचलो. समोर छत्तीसगड, उजवीकडे तेलंगण, आणि मधे एवढा अफाट रेतीचा पसारा की दूरवर चालणारी माणसे ठिपक्यांएवढी दिसावीत. गडचिरोलीचे नाव निघताच बाहेरच्या माणसाच्या मनात प्रथम भय येते. त्या भयाला कारणे होती आणि येथील लोकांनी त्याची जबर किंमत मोजली आहे. म्हणून ज्या भागात जावयाचे त्याविषयी स्थानिक पोलीस व वनखात्याकडे चौकशी करूनच जावे. परंतु त्या भयापायी या नद्या, ही देवळे आणि हे अरण्य मराठी माणसाने नकाशावरून पुसून टाकावे, हे मला मान्य नाही. ज्यांना किनाऱ्याची हौस आहे त्यांनी माघ-फाल्गुनात इकडे यावे. पावसाळ्यात येऊ नये. रेतीवर कचरा टाकू नये, वडधमहून दगडाचा कपचाही उचलू नये, आणि ढिवराच्या डोंग्यात बसल्यास तो सांगेल ते भाडे घासाघीस न करता द्यावे.

उद्या पहाटे आलापल्लीस परतून तेथून हेमलकसा व भामरागडकडे निघावयाचे आहे. तिकडचा वृत्तांत पुढील हप्त्यात.