कळसूबाईच्या वाटेवर वॉकीटॉकी
अकोले तालुक्यातील बारी गावातून १६४६ मीटर उंच कळसूबाईवर मुलांना नेताना आम्ही दोन वॉकीटॉकी ठेवतो. एक सर्वांत पुढच्याकडे, एक शेवटच्याकडे. उघड्या सोंडेवर आवाज खणखणीत येतो. याच तालुक्यातील साम्रदजवळच्या सांदण दरीत मात्र वळण घेतले की खरखर. मधल्या कातळाने लहरी अडतात. दुकानदार सांगतो ते मैल मोकळ्या मैदानाचे!

बांधवांनो, जास्त वॅटच्या मोहात पडू नका. खोक्यावर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पाहा, सरकारी मान्यतेचे ईटीए प्रमाणपत्र विचारा. या पट्ट्यातील कमी शक्तीच्या मान्य संचाला परवाना लागत नाही. परवान्याचा संच विनापरवाना वापरणे गुन्हा आहे. चौकीत उत्तरे आपल्याच पोरांना द्यावी लागतील. पावसात टिकणारा, ओल्या बोटांनी बटण दाबता येईल असा संच घ्या. आणि प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवीच.