काळी बेई आणि आमच्या शाळेची मोरी

बालमित्रांनो, तुमच्या घरातल्या मोरीचं पाणी कुठे जातं? आंघोळीचं, भांड्यांचं, कपडे धुतल्याचं? सांगता येईल का पटकन? नाही ना! मलाही गेल्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत नीट सांगता येत नव्हतं. मी चौथीच्या मुलांना 'पाण्याचे प्रदूषण' हा भाग शिकवते, तरीसुद्धा! हा प्रश्न मला विचारला तो दूर पंजाबात, एका नदीच्या घाटावर. त्याचीच ही गोष्ट.

आमच्या गावातली काही वारकरी मंडळी घुमानला निघाली होती. त्यांच्याबरोबर मीही गेले. घुमान म्हणजे पंजाबातलं एक गाव. आपले संत नामदेव महाराज तिथे राहिले होते. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत, ठाऊक आहे का तुम्हांला? त्यामुळे तिथली माणसं आम्हां मराठी लोकांचं स्वागत माहेरच्या माणसांसारखं करतात. २०१५ साली तर मराठी साहित्य संमेलनही घुमानला भरलं होतं.

घुमानहून आम्ही सुलतानपूर लोधीला गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना भाताची कापलेली शेतं आणि मधूनमधून उंच सफेद्याच्या रांगा. सफेदा म्हणजे आपलं निलगिरी. बियास आणि सतलज या दोन नद्यांमधल्या या भागाला 'दोआबा' म्हणतात. दो म्हणजे दोन आणि आब म्हणजे पाणी. आता 'पंजाब' या शब्दाचा अर्थ तुमचा तुम्हीच लावा पाहू!

सुलतानपूरला बेर साहिब नावाचा मोठा गुरुद्वारा आहे. डोक्यावर पदर घेऊन, पाय धुऊन आम्ही आत गेलो. गुरू नानकदेव तरुणपणी या गावात राहात, इथल्या नबाबाच्या कोठाराचा हिशेब पाहात आणि रोज सकाळी जवळच्या नदीत स्नान करत. ती नदी म्हणजे काळी बेई. दर्शन झाल्यावर आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. समोर पाणी संथ वाहात होतं. काठाला झाडं होती. दोन मुलं पायऱ्यांवर बसून माशांना काहीतरी टाकत होती.

"किती छान ठेवलीय हो नदी!" मी म्हटलं. शेजारी निळी पगडी बांधलेले एक म्हातारे बाबाजी बसले होते. त्यांना मराठी कळलं नाही, पण माझा चेहरा कळला असावा. ते हसले आणि म्हणाले, "पच्चीस साल पहले आतीं, तो नाक पर कपडा रखतीं!"

मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. काळी बेई होशियारपूर जिल्ह्यात उगम पावते आणि सुमारे १६० किलोमीटर वाहात जाऊन बियास-सतलजच्या संगमाजवळ पोचते. काठावरच्या गावांनी आणि शहरांनी आपापली गटारं तिच्यात सोडली. त्या घाणीवर जलपर्णी माजली. काही ठिकाणी पात्र बुजवून लोकांनी शेतंही केली. मग झालं काय, की वरच्या भागात पाणी तुंबून जमिनी चिबड झाल्या आणि खालच्या भागात नदी कोरडी पडली. एकाच नदीचे असे दोन हाल! गुरू नानकांनी जिथे स्नान केलं, तिथे कुणी पाय बुडवायला धजेना.

जुलै २००० मध्ये बाबा बलबीरसिंग सीचेवाल नावाचे एक संत स्वतः त्या घाणीत उतरले. सीचेवाल हे त्यांच्या गावाचं नाव. त्यांच्यामागे माणसं उतरली. कुणी हातांनी जलपर्णी ओढली, कुणी विळ्याने कापली, कुणी टोपल्यांतून गाळ वर काढला. आपण ज्याला श्रमदान म्हणतो, त्याला तिकडे कारसेवा म्हणतात. गावागावांतून रोट्या, दूध, अवजारं येत. मजुरी कुणालाच नव्हती, बरं का! असं एक-दोन दिवस नाही, वर्षानुवर्षं चाललं. नदी साफ झाली, घाट बांधले, काठाने झाडं लावली. २००६ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम मुद्दाम हे काम बघायला इथे आले होते.

"सबसे मुश्किल काम कौनसा था, बाबाजी?" मी विचारलं. मला वाटलं, ते जलपर्णीचं नाव घेतील.

"जलकुंभी तो हाथ से निकल गयी, बेटी. लेकिन नाली रोज आती है," ते म्हणाले.

मुलांनो, हे वाक्य ऐकून मी गप्पच झाले. खरंच की! जलपर्णी एकदा काढता येते, पण गटार रोज येतं. म्हणून तिथल्या लोकांनी एक सोपी युक्ती केली. गावाचं सांडपाणी पाइपातून आधी विहिरीसारख्या खोल टाक्यांमध्ये न्यायचं. तिथे गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर राहते. मधलं पाणी मोठ्या तळ्यात सोडायचं. ते उन्हात राहिलं, की पंपाने शेताला द्यायचं. नदी वाचते आणि पिकालाही पाणी मिळतं. (एका ग्लासात माती कालवलेलं पाणी तासभर स्थिर ठेवा, म्हणजे पहिली पायरी घरीच दिसेल.)

पण गोष्ट इथे संपली असं समजू नका. मधल्या काही वर्षांत नदीत वरून येणारं पाणी कमी झालं, सांडपाणी पुन्हा शिरलं आणि मासे मेले. माणसं पुन्हा कामाला लागली. नदीचं काम असंच असतं, घरच्या केरासारखं. काल काढला म्हणून आज काढायचा नाही, असं चालत नाही. २०२४ पासून सीचेवालबाबा आणि त्यांचे कारसेवक लुधियानाच्या बुड्ढा दर्यावर काम करू लागले. तिथे कारखान्यांचंही पाणी येतं, त्यामुळे ते काम आणखी अवघड.

निघताना बाबाजींनी विचारलं, "आपके गाँव में नदी है?"

"ओढा आहे. आम्ही दरवर्षी साफ करतो," मी अभिमानाने सांगितलं.

"और आपके स्कूल की नाली कहाँ जाती है?"

मला उत्तर देता आलं नाही.

सुट्टी संपली. शाळेच्या पहिल्याच दिवशी मी ही गोष्ट वर्गात सांगितली आणि आम्ही सगळे हात धुण्याच्या नळापासून मोरीच्या पाण्यामागे चालत निघालो. भिंतीतलं भोक, बाभळीखालचा चर आणि पुढे... थेट ओढा! दर २ ऑक्टोबरला आम्ही जो ओढा साफ करायचो, त्यात वर्षभर आम्हीच खरकटं पाणी सोडत होतो. "बाई, आपणच!" पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

शाळेपासून पुलापर्यंत मुलांनी ओढ्यात येणाऱ्या मोऱ्या मोजल्या. अकरा भरल्या. त्यांचा नकाशा काढून वर्गात लावला. पालकसभेत तो दाखवला, तेव्हा एक गृहस्थ जरा चिडलेच. "आमच्या घराचं नाव कशाला टाकलंत?" म्हणाले. मी म्हटलं, "दादा, पहिलं नाव शाळेचं आहे, बघा ना." मग ते हसले. पुढच्या रविवारी पहार घेऊन खड्डा खणायला सगळ्यांत आधी तेच आले! आम्ही शाळेमागे शोषखड्डा केला. तळाशी मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, वर वाळू. खरकटं आता जाळीत अडतं आणि पाणी जमिनीत मुरतं.

अकरातली एक मोरी बंद झाली. दहा उरल्या आहेत. त्यांतल्या दोन घरांनी उन्हाळ्यात खड्डा करायचं कबूल केलंय. बघू या!

आता तुमचं काम. आपल्या घराच्या किंवा शाळेच्या मोरीमागे चालत जा. सोबत मोठं माणूस हवंच, आणि पाण्यात मात्र उतरायचं नाही हं! ते पाणी कुठे पोचतं, त्याचा नकाशा काढा आणि आई-बाबांना दाखवा. त्या नकाशावर पहिलं नाव आपल्या घराचं लिहायला विसरू नका.