चेटकिणींच्या गावातली केरसुणी

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून पश्चिमेकडे जाणारी गाडी पकडली, की चारेक तासांनी बॉडमिन पार्कवे येतं. पुढे बॉसकॅसलला रेल्वे नाही. बस किंवा मोटार. रस्ता इतका अरुंद, की समोरून गाडी आली तर एकानं मागे जायचं. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच हिरवी कुंपणं. उतार संपता संपता समुद्राचा खारा वास येतो आणि डोंगराच्या बेचक्यात दडलेलं गाव दिसतं.

बॉसकॅसल हे कॉर्नवॉलमधलं चिमुकलं बंदर. खाडी नागमोडी, त्यामुळे खवळलेला समुद्र आतून दिसतच नाही. दगडी धक्का 1584 साली सर रिचर्ड ग्रेनव्हिल यांनी बांधून घेतलेला. जवळच्या सेंट ज्युलियट चर्चच्या दुरुस्तीसाठी 1870 साली एक तरुण वास्तुविशारद आला आणि तिथल्या धर्मगुरूंच्या मेव्हणीच्या प्रेमात पडला. हाच पुढे कादंबरीकार झालेला टॉमस हार्डी.

पण आज इथं येणारे बरेच जण हार्डीसाठी येत नाहीत. ते येतात धक्क्याजवळच्या एका जुन्या इमारतीसाठी. तिचं नाव ‘म्युझियम ऑफ विचक्राफ्ट अँड मॅजिक’. आपल्या भाषेत सांगायचं, तर चेटूक आणि जादूचं संग्रहालय!

काळ्या मुठीची सुरी

सेसिल विल्यमसन या गृहस्थांनी हा संग्रह प्रथम 1951 साली आइल ऑफ मॅन बेटावर मांडला. दोन-तीन गावं फिरून 1960 मध्ये तो बॉसकॅसलला स्थिरावला. आत शिरताच अंधुक उजेड. टाचण्या टोचलेल्या बाहुल्या, भविष्य पाहण्याचे काळे आरसे, वाळलेल्या मुळ्या. एका दोरीपाशी पावलं थबकतात. तिला तीन गाठी आहेत. खलाशी अशी दोरी म्हणे विकत घेत. पहिली गाठ सोडली की मंद वारा, दुसरी सोडली की जोराचा, आणि तिसरी सोडली तर वादळ! शिडाच्या होडीवर पोट असलेल्या माणसाला वाराही विकत घ्यावासा वाटला, यात नवल काय?

यापुढे दिसतात ती आजच्या काळातली पूजेची साधनं. कारण चेटूक हा इंग्लंडमध्ये आता नुसता भूतकाळ नाही. ‘विक्का’ नावाचा एक निसर्गपूजक पंथच तिथं आहे. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे 74 हजार लोकांनी आपला धर्म ‘पेगन’ असा लिहिला, तर सुमारे 13 हजारांनी ‘विक्का’. चंद्राच्या कला, ऋतूंचे आठ सण, एक देवी आणि एक शिंगधारी देव, ही त्यांची श्रद्धा. कुणाला इजा न करता हवं ते करा, हा त्यांचा मुख्य नियम.

या पंथाची साधनं मोजकीच. काळ्या मुठीची दुधारी सुरी, पांढऱ्या मुठीची सुरी, छडी, पेला, पंचकोनी तारा कोरलेली तबकडी, धूपपात्र, दोरी, कढई आणि झाडू. काळ्या मुठीच्या सुरीला ‘अथामे’ म्हणतात. गंमत अशी, की तिनं काहीही कापायचं नसतं. तिनं पूजेपूर्वी जमिनीभोवती हवेत वर्तुळ आखायचं. खरोखरीचं कापणं, कोरणं हे पांढऱ्या मुठीच्या सुरीचं काम.

सुरीला एवढा मान का? या पंथाला जगापुढे आणणारे जेराल्ड गार्डनर (1884 ते 1964) हे मलायात जकात अधिकारी होते. तिथल्या नागमोडी ‘क्रिस’ खंजिरांचं त्यांना वेड. 1936 साली त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. शिवाय जादूच्या जुन्या युरोपीय पोथ्यांमध्येही काळ्या आणि पांढऱ्या मुठीच्या सुऱ्या सापडतात. 1951 मध्ये ब्रिटनचा जुना चेटूकविरोधी कायदा रद्द झाला आणि 1954 मध्ये गार्डनर यांचं ‘विचक्राफ्ट टुडे’ प्रसिद्ध झालं. आपली परंपरा प्राचीन असल्याचं ते सांगत. रोनल्ड हटन या इतिहासकारानं मात्र 1999 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिलं, की हा धर्म बराचसा विसाव्या शतकात घडला आहे. पंथातल्या अनेकांनी हे खिलाडूपणे मान्यही केलं.

घासाघीस करायची नाही!

संग्रहालयाबाहेर नदीच्या कठड्यावर एक साठी ओलांडलेल्या बाई सँडविच खात बसल्या होत्या. बुटांना चिखल, पिशवीतून डोकावणारी एक सालपट काढलेली काठी. ती काठी म्हणजे छडीच निघाली. मी कुतूहलानं विचारलं, तर बाई हसून बोलू लागल्या.

“दुकानात सगळं मिळतं. पण स्वतः केलेली वस्तू हाताला लवकर ओळखते,” त्या म्हणाल्या. छडीची लांबी कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. म्हणजे आपला हातभरच की! लाकूड बहुधा हेझलचं, विलोचं किंवा ओकचं. आधी झाडाला विचारायचं, मग फांदी कापायची, आणि जाताना बुंध्याशी थोडं पाणी ओतायचं. वाऱ्यानं पडलेली फांदी मिळाली तर उत्तमच. मग ती सावलीत महिनोन् महिने सुकू द्यायची, साल काढायची, घासायची आणि जवसाचं तेल चोळायचं.

मला आमच्या आजीची आठवण झाली. संध्याकाळी तुळशीला हात लावू द्यायची नाही. ‘झोपलीय ती,’ म्हणायची.

“आणि विकत घ्यायची वेळ आली तर?” मी विचारलं.

“मग घासाघीस करायची नाही. सांगितलेली किंमत द्यायची, नाही तर वस्तू ठेवून निघून यायचं.”

मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच मिनिटं हुज्जत घालणाऱ्या आपल्यासारख्यांना हा नियम जडच जायचा! त्यामागचा विचार मात्र साधा आहे. जी वस्तू पूजेत ठेवायची, तिच्या कारागिराच्या मनात रुखरुख राहू नये.

घरी आणलेली वस्तू मीठ-पाण्यानं शिंपडायची, धुपावरून आणि ज्योतीवरून फिरवायची. पृथ्वी, जल, वायू, अग्नी यांची साक्ष झाली, की ती पूजेला योग्य. आपल्याकडे खंडेनवमीला सुतार करवतीला आणि शिंपी मशीनला हळद-कुंकू वाहतो. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण हातातल्या हत्याराला नमस्कार करावासा वाटणं दोन्हीकडे सारखंच.

बाईंनी एक सावधगिरीची सूचनाही दिली. अथामे पिशवीत टाकून गावभर हिंडता येत नाही. 1988 च्या कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी अशी सुरी बाळगणं गुन्हा आहे. धार्मिक कारण हा बचाव कायद्यात आहे खरा, पण तो सिद्ध आपणच करायचा. “म्हणून माझी सुरी घरातच असते. झाडूला मात्र कुणी हरकत घेत नाही!”

त्या झाडूचा दांडा ॲशच्या लाकडाचा, काड्या बर्चच्या आणि बांधणी विलोची. पूजेपूर्वी जागा त्यानं झाडायची, पण केर काढण्यासाठी नव्हे, अमंगळ घालवण्यासाठी. या पंथाच्या लग्नात नवरा-नवरी हातात हात घालून झाडूवरून उडीही मारतात.

ज्यांनी हा शब्द मागितला नव्हता

सगळं ऐकायला गोड वाटतं. पण परतीच्या वाटेवर एक्झिटरला उतरलात, तर रूजमाँट किल्ल्याच्या जुन्या दरवाजाजवळची छोटी पाटी अवश्य वाचा. टेंपरन्स लॉइड, सुझॅना एडवर्ड्स, मेरी ट्रेंबल्स. बिडफर्ड गावच्या या तीन गरीब बायका. 1682 साली ‘चेटकीण’ ठरवून त्यांना एक्झिटरला फाशी दिलं. त्यांच्याकडे ना अथामे होती, ना छडी. होती ती म्हातारपणाची लाचारी आणि शेजाऱ्यांचा संशय.

बॉसकॅसलच्या बाईंनी हा शब्द स्वतःहून निवडला. बिडफर्डच्या बायकांवर तो लादला गेला. एकच शब्द, पण पहिलीला त्यातून पूजा मिळाली आणि दुसरीला फास.

आपल्याला तर हा भूतकाळही म्हणता येत नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर ‘डाकीण’ म्हणून बाईला मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी हत्या झाली, आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. झारखंडच्या छुटनी देवी स्वतः ‘डायन’ ठरवल्या गेल्या होत्या. त्या आणि आसामच्या बिरुबाला राभा यांनी अशा बायकांसाठी आयुष्य वेचलं. दोघींना 2021 साली पद्मश्री मिळाली. म्हणून या छड्या-सुऱ्या कुतूहलानं जरूर पाहाव्यात, पण त्यांची चैन परवडायला आधी तो शब्द निरुपद्रवी व्हावा लागतो, हे विसरू नये.

16 ऑगस्ट 2004 रोजी बॉसकॅसलमध्ये नदीला महापूर आला. मोटारी खेळण्यांसारख्या समुद्रात वाहून गेल्या, सुमारे शंभर माणसांना हेलिकॉप्टरनं उचललं. सुदैवानं एकही जीव गेला नाही. संग्रहालयाच्या तळमजल्यावर चिखल साचला. मग काय केलं? जादू नाही केली. फावडी घेतली, पाणी ओतलं आणि झाडू मारला!

लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून आपण तिला हळद-कुंकू वाहतो. आपल्या घरात जी लक्ष्मी, तीच तिकडे चेटकिणीचं वाहन. या दिवाळीत केरसुणीवर फूल ठेवताना त्या तीन बायकांची एकदा आठवण काढा. आणि हो, ती विकणारीशी घासाघीस करू नका.