सैरंध्रीच्या अरण्यात

वर्गात निसर्गकविता शिकवताना ‘निबिड’, ‘गर्द’, ‘घनदाट’ ही विशेषणे आम्ही इतकी वर्षे सढळ हाताने वापरली, की खरे वर्षावन पाहण्याची वेळ आली तेव्हा मनात थोडी धास्तीच होती. केरळातील पालक्काड जिल्ह्यातले सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान निवडले, ते अर्थातच कवितेमुळे. सुगतकुमारींची ‘मरत्तिनु स्तुति’, म्हणजे वृक्षाची स्तुती, आम्ही भाषांतरातून वाचली होती. कुंतीपुळा नदीवरील नियोजित धरणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीच्या सभांतून ही कविता म्हटली जाई. त्या काळी या कवींना ‘झाडकवी’ म्हणून हिणवलेही गेले. पुढे १९८३ साली प्रकल्प सोडून देण्यात आला आणि १९८४ साली हे अरण्य राष्ट्रीय उद्यान झाले. कवितेने जंगल वाचवले, असे आम्ही विद्यार्थ्यांना मोठ्या अभिमानाने सांगत आलो. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने मांडलेले हिशेब आणि सालिम अलींसारख्यांचे सांगणे यांचा उल्लेख मात्र बहुधा तास संपता संपता व्हायचा.

मुक्काली या गावी खाजगी वाहने थांबतात. तिथून वनखात्याच्या परवानगीने, सोबत वाटाड्या घेऊन, २३ किलोमीटर आत सैरंध्रीपर्यंत जाता येते. नावे पाहा: सैरंध्री हे अज्ञातवासातल्या द्रौपदीचे नाव, आणि कुंतीपुळा म्हणजे कुंतीची नदी. इंग्रजांनी दिलेल्या नावाचा उगम मात्र वादग्रस्त आहे. कोणी म्हणतात, इथे किरकिरणारे किडे नाहीत म्हणून हे खोरे नि:शब्द. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा त्या किड्यांचा असा काही कल्लोळ चालला होता, की एकमेकांशी बोलताना आवाज चढवावा लागला. ऐकीव माहितीवर टीपा लिहिणाऱ्यांना (त्यांत आम्हीही आलो) एवढी शिक्षा पुरेशी होती.

आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो प्रकाशाचा अभाव. भर दुपारी पायवाटेवर संधिप्रकाश असतो. खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांच्या आधाराने आणखी काही. एक झाड कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते हे ठरवता येत नाही. पायांना जळवा लागल्या होत्या, त्याकडे लक्षही गेले नाही. इतक्यात वाटाड्याने हाताने थांबवले. वर, फार उंचावर, फांद्या हलत होत्या. काळ्या अंगाची, चेहऱ्याभोवती करड्या आयाळीची सिंहपुच्छ माकडे एका झाडावर खात बसली होती. झाडाला फणसासारखी काटेरी, पण बरीच लहान फळे. या माकडांचे पोट बऱ्याच अंशी या एका झाडाच्या फुलांवर आणि बियांवर चालते, असे त्याने मोडक्या हिंदीत समजावले. मल्याळममधले नाव सांगितले : वेडिप्लाव. मग सहज विचारले, “साब, आपकी भाषा में?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. या झाडाला मराठी नाव आहे की नाही, हेही सांगता येईना. दुसऱ्या झाडाकडे बोट दाखवून त्याने पुन्हा विचारले, मग तिसऱ्या. तिसरे तर आमच्या कोकणातही असावे असे वाटत होते. हाच तो सह्याद्री, ज्याच्यावर आम्ही निबंध तपासले आणि जो आमच्या मनात गोव्याच्या सीमेशीच संपतो. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून स्वीकारली. तिथे कास पठार आणि सायलेंट व्हॅली एकाच यादीत आहेत. आमच्या अभ्यासक्रमात ती कधी एकत्र आली नाहीत. विशेषणांचा साठा मोठा आणि नामांची तिजोरी रिकामी, अशी आमची अवस्था. सुगतकुमारींच्या कवितेत आम्ही प्रतिमा शोधल्या होत्या. झाड कोणते, हा प्रश्न वर्गात कुणी विचारला नाही आणि आम्हीही विचारू दिला नसता.

सैरंध्रीच्या उंच मनोऱ्यावरून खोरे दिसते. धरण इथेच, सैरंध्रीला व्हायचे होते. खाली कुंतीपुळेचे पाणी कुठे कुठे चमकत होते. वाटाड्या कठड्याला टेकून विडीशिवाय बसला होता, कारण आत विडीला बंदी. आम्ही वही काढली आणि ते नाव देवनागरीत लिहून त्याला वाचून दाखवले. त्याने मान हलवली. पुन्हा म्हटले. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा तो हसला, आणि अक्षरे तोडून, सावकाश, लहान मुलाला शिकवावे तसे म्हणू लागला.