आईच्या हृदयाचें चित्र

कवींनीं हृदयाचीं वर्णनें पुष्कळ केलीं आहेत. कोणी त्यास कमळ म्हटलें, कोणी पाषाण, कोणी लोणी. मीही वर्गांत तीं वर्णनें अनेक वर्षें शिकवीत आलों. परंतु माझ्या आईचें हृदय प्रत्यक्ष चालतांना मीं ज्या दिवशीं पाहिलें, त्या दिवशीं मला यांतील एकही उपमा आठवली नाहीं.

आठ वर्षांपूर्वींची गोष्ट. श्रावणांतील रात्र होती. जेवणें आटोपल्यावर आई मागील दारीं हात धुवावयास गेली आणि तिच्या उजव्या हातांतून तांब्या निसटला. आवाज ऐकून मी धांवत गेलों. ती कांहीं सांगूं पाहत होती, पण शब्द एकमेकांत गुंतत होते. मला कांहींच कळेना. धाकटी बहीण म्हणाली, "दादा, हिला आतांच दवाखान्यांत नेऊं या." मीं घड्याळाकडे पाहिलें. साडेनऊ झाले होते, पाऊस कोसळत होता आणि शहर तीन कोसांवर होतें. मी म्हणालों, "दिवसभर राबली आहे, थकवा असेल. हाताला तेल चोळ आणि निजूं दे तिला. सकाळीं पाहूं." मी घरांतील वडील मुलगा आणि त्यांतून शिक्षक, माझें बोलणें कोणीं मोडलें नाहीं.

सकाळीं रुग्णालयांत पोहोंचलों, तेव्हां तिचा उजवा हात अगदींच लुळा पडला होता. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनीं पहिला प्रश्न विचारला तो "काय झालें?" असा नव्हता, "किती वाजतां झालें?" असा होता. मीं वेळ सांगितली. त्या क्षणभर थांबल्या व आईस छायाचित्रणाच्या खोलीकडे घेऊन गेल्या.

विल्हेल्म राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञास १८९५ सालीं क्ष-किरण सांपडले व आपल्या पत्नीच्या हाताचीं हाडें त्यानें कांचेवर उमटविलीं, ही हकीकत विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. परंतु त्या किरणांच्या साध्या चित्रांत कवटीचें हाडच ठळक दिसे. आंतला मऊ मेंदू जवळ जवळ अदृश्यच राही. हा पडदा दूर केला गॉडफ्रे हौन्सफील्ड या इंग्रज अभियंत्यानें. ग्रामोफोनच्या तबकड्यांकरितां प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनींत तो नोकरीस होता. त्याची कल्पना अशी : बंद सभागृहांत काय ठेविलें आहे हें एकाच खिडकींतून कळत नाहीं, पण चोहोंबाजूंनीं फिरून प्रत्येक खिडकींतून डोकावलें व जें जें दिसलें तें एकत्र मांडलें, तर आंतील प्रत्येक वस्तूचा नकाशा काढतां येतो. तसेच डोक्याभोंवतीं फिरत फिरत किरण सोडावे, किती पार झाले तें मोजावें आणि तो अवाढव्य हिशेब संगणकाकडून करवून घ्यावा. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमधील विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मोर्ले रुग्णालयांत एका स्त्रीच्या मेंदूचें असें पहिलें चित्र निघालें. पुढें १९७९ सालीं हौन्सफील्ड व ॲलन कॉरमॅक या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

आईच्या मेंदूचें चित्र कांहीं मिनिटांतच पडद्यावर आलें. डॉक्टरीणबाई मला समजावून सांगूं लागल्या. मेंदूंत रक्त सांडलें असतें तर तें पांढरें दिसलें असतें, तसें नव्हतें. मात्र डाव्या बाजूचा एक भाग सभोंवतालच्या भागाहून कांहींसा काळवंडला होता. रक्ताची गुठळी अडकून तेथील रक्तपुरवठा तुटला होता. उजवा हात व वाणी यांचा कारभार बहुधा याच बाजूकडे असतो. गुठळी विरघळविणारें औषध आहे. पण तें साधारणपणें पहिल्या साडेचार तासांतच द्यावें लागतें. तार घालून गुठळी ओढून काढण्याचाही एक उपाय आहे व निवडक रोग्यांत त्यास अधिक वेळ मिळतो. परंतु तो सर्वत्र उपलब्ध नसतो, तेथेंही नव्हता. त्यांनीं मला दोष दिला नाहीं. मीं मनांत तास मोजले. नऊ झाले होते.

"गुठळी आली कोठून, तें आतां पाहिलें पाहिजे," असें म्हणून त्यांनीं आईच्या छातीवर एक लहानसें यंत्र टेंकविलें. यांत किरण नाहींत; आपल्या कानांस ऐकूं न येणारा ध्वनि आहे. विहिरींत ओ दिली असतां प्रतिध्वनि येतो, आणि तो किती वेळानें आला यावरून पाणी किती खोल आहे याचा अंदाज करतां येतो, तत्त्व तेंच. स्वीडन देशांतील लुंड येथें इंगे एडलर हा वैद्य व हेल्मुट हर्ट्झ हा पदार्थविज्ञानवेत्ता यांनीं हा मार्ग शोधिला. माल्मो येथील जहाजांच्या कारखान्यांत धातूंतील भेगा हुडकण्याचें एक यंत्र होतें. तें हर्ट्झनें उसनें मागून घेतलें, स्वतःच्याच छातीस लाविलें, आणि ठोक्याबरोबर हलणारा प्रतिध्वनि त्यास दिसला. २९ ऑक्टोबर १९५३ रोजीं त्या दोघांनीं हृदयाच्या हालचालीचा पहिला आलेख नोंदविला. त्या वेळीं ती केवळ एक नागमोडी रेघ होती. आज आपण साक्षात् हृदय चालतांना पाहतों.

मीं तें पाहिलें. काळोखांत एक झडप उघडूं पाहत होती. पण तिचीं दोन दलें कडांशीं चिकटून गेलीं होतीं. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील ही झडप. बिशपांच्या शिरोभूषणासारखा तिचा आकार, म्हणून तिला इंग्रजींत मायट्रल हें नांव पडलें. तिच्यांतून रक्तास वाट अपुरी, त्यामुळें वरचा कप्पा फुगलेला व ठोक्यांचा ताल बिघडलेला. रक्त जेथें तुंबतें तेथें गोठतें; तेथील गुठळी वाहत मेंदूंत गेली होती. एडलरनें ही विद्या प्रथम ज्या विकाराच्या पारखेकरितां हातीं घेतली, तोच हा विकार.

"लहानपणीं यांना सांधे सुजून ताप येत असे का?" असें डॉक्टरीणबाईंनीं विचारलें. मला ठाऊक नव्हतें. मावशी मात्र लगेच म्हणाली, "हो बाई, चवथींत असतांना. आधीं घसा धरला, मग गुडघे सुजले. दोन महिने शाळा बुडाली. वाढत्या अंगाचें दुखणें म्हणून कोणीं लक्ष दिलें नाहीं."

एक प्रकारच्या जंतूंनीं मुलांचा घसा सुजतो. शरीर त्यांच्याशीं झुंजतें. पण कित्येकदां त्या झुंजींत शत्रू कोण व आपलें कोण याची भ्रांति पडून तें स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयाच्या झडपांवर घाव घालतें. सांधे बरे होतात. झडपेवरील व्रण राहतो व पुढें अनेक वर्षें हळूहळू आकसत जातो. वेळीं पेनिसिलिन दिलें असतां हें सारें टळतें. आईच्या लहानपणीं कोणी तरी "पुढें पाहूं" म्हणालें होतें. तिच्या म्हातारपणीं तेंच मी म्हणालों.

पुढें औषधांनीं तिचें रक्त पातळ ठेविलें, आणि सहा महिन्यांनीं नळीवाटे फुगा नेऊन झडप रुंद केली. हृदय सावरलें, वाचा मात्र पुरती परतली नाहीं. ती भाचीच्या पाटीवर डाव्या हातानें अक्षरें गिरवूं लागली. महिन्याभरानें तिनें मला जवळ बोलाविलें, घड्याळाकडे बोट केलें आणि मोठ्या कष्टानें एक शब्द लिहिला : "हात". त्या रात्रीं ती मला काय सांगत होती, हें मला तेव्हां कळलें. बहिणीला तें पाटीवांचून कळलें होतें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांपैकीं कांहीं पुढें वैद्य होतील, कांहीं यंत्रें घडवितील. हौन्सफील्ड व हर्ट्झ यांच्यासारखे तुम्हीही मनुष्याच्या अंतरंगांत दृष्टि पोहोंचवाल अशी मला आशा आहे. तोंवर इतकेंच करा. घसा सुजून ताप आला आणि मागाहून सांधे दुखूं लागले, तर घरीं सांगा. पालकांस हात जोडून विनंती, मुलांचें तें सांगणें हंसण्यावारी नेऊं नका; आणि घरांतील कोणाचें तोंड वांकडें झालें, हात गळला किंवा बोलणें अडखळूं लागलें, तर घड्याळ पाहा आणि तत्क्षणीं निघा. शास्त्रज्ञांनीं हृदय व मेंदू आपणांस दाखवून दिले आहेत. पण रोग्यास त्या चित्रापर्यंत वेळेवर नेण्याचें काम अजून घरच्या माणसांकडेच आहे.

आमच्या घरीं तो तांब्या अद्याप आहे. पडल्यानें त्याला एक पोंचा आला आहे. तो मीं काढून घेतला नाहीं.