रिपोर्ट नॉर्मल आल्यावर

नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि समोर उभी राहून मी ओरडते, "फुंका, जोरात, अजून, सोडू नका!" नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात मी स्पायरोमेट्री करते. पूर्वी समोर बहुतेक साठीपुढचे विडी ओढणारे काका असत, नाहीतर चुलीपुढे जन्म गेलेल्या आजी. आता अंबड-सातपूरच्या कंपन्यांतली, कॉलेज रोडवरची विशी-पंचविशीतली मुलंही येतात. एकेकटी, घरी सांगितलेलं नसतं. पांडवलेण्याच्या पायऱ्या चढताना धाप लागलेली असते, मग रात्रभर मोबाइलवर वाचून सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार झालाच, असं त्यांनी धरून ठेवलेलं असतं.

पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती, याचं प्रमाण श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध ओढून झाल्यावरही ०.७० च्या खाली राहिलं, तर सीओपीडीचा विचार होतो. या वयात असं क्वचितच दिसतं. कुणाला दमा निघतो, कुणाची धाप निव्वळ भीतीची असते. बाकीच्यांचा रिपोर्ट नॉर्मल.

तेवीस वर्षांच्या एका मुलाने तो कागद हातात घेतला आणि चेहरा खुलला. "ताई, मग दिवसाला दोन-तीन सिगारेटी चालतील ना?"

मला या प्रश्नाची फार धास्ती वाटते. कुणी विचारतं, पानाची म्हणून विडी बरी का? माझं माहेर सिन्नरचं, घरोघरी विड्या वळताना पाहत मी वाढले. विडी सारखी विझते, म्हणून जोरजोरात ओढावी लागते. टार आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत जातातच. घाबरून आलेली ही मुलं आमच्याकडे सवलत मागतात, याने जीव तुटतो.

त्या मुलाला मी बसवून घेतलं. दोन मिलिमीटरहून बारीक श्वासनलिकांत बिघाड सुरू झाला तरी आमचं मशीन बराच काळ तो दाखवत नाही. फुप्फुसांची ताकद विशी-पंचविशीपर्यंत वाढते, पुढे हळूहळू उतरते. धुराने ती उतरण तीव्र होते. लंडनच्या कामगारांना वर्षानुवर्षं तपासून फ्लेचर आणि पीटो यांनी १९७७ मध्ये दाखवलं, की सिगारेट सोडल्यावर गेलेली ताकद फारशी परत येत नाही, पण पुढची घसरण न ओढणाऱ्यांइतकी मंदावते. तेविसाव्या वर्षी अजून गेलंय तरी किती! हे सांगताना माझा आवाज चढला होता.

आमच्या डॉक्टर सरांनी त्याला निकोटिनचा च्युइंगम लिहून दिला, मी १८००-११-२३५६ हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करायला लावला.

काही आठवड्यांनी तो परत आला, पुन्हा घाबरलेला. सोडल्यापासून खोकला वाढला होता, कफ पडत होता. सरांनी छाती तपासली, काही सापडलं नाही. धुराने मंदावलेले श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा कामाला लागले की असं काही दिवस होतं, हे मी त्याला समजावलं. "रक्त दिसलं, ताप आला किंवा खोकला थांबेना, तर लगेच ये. पण या खोकल्यापायी पुन्हा पेटवू नकोस."

"मित्र म्हणतात, ओढत होतास तेव्हाच बरा होतास."

"त्यांनाही घेऊन ये," मी म्हटलं.